रिकाम्या खळग्यांतला जीव

ताईंना पेशी सांभाळायला लागून एकवीस वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत त्या आल्या होत्या बाटल्या धुवायला. कोणीतरी सुट्टीवर गेलं, "चार दिवस जरा पेशींकडे बघा" म्हणाले, आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. माणसाच्या त्वचेच्या या पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. दर दोन दिवसांनी त्यांना नवं गुलाबी पाणी लागतं, ते पिवळं पडलं की समजायचं, उपासमार चालली आहे. रविवार वगैरे त्यांना कळत नाही. "माझ्या जेवणाला उशीर झाला तर चालतो, तिकडे मात्र बाईसाहेब वेळेच्या आधी हजर," असं नवरा कुरकुरायचा. आणि दर रविवारी स्कूटरवरून सोडायलाही तोच यायचा.

त्यांच्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या संशोधक मुलीला ताई घाईबाई म्हणत. तिचा चहा नेहमी अर्धा राहायचा आणि डब्याचं झाकण कधीच जागेवर नसायचं. ताईंना मूलबाळ नव्हतं, आणि या पोरीवर त्यांचा जीव होता. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा?

घाईबाईकडे एका कंपनीने काळी पावडर तपासायला दिली होती. कारखान्यात तयार केलेली, केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत इतकी बारीक. जखमेवरच्या पट्टीत ती घालायची होती. ती पेशींना मारत नाही ना, एवढंच बघायचं. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, वर कमीजास्त पावडर टाकायची, एक दिवस थांबायचं आणि मग एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. रंग किती गडद झाला ते यंत्र मोजतं.

गुरुवारी सकाळी यंत्राने, बिनपावडरीच्या पेशी शंभर धरून, एकशे पाच टक्के जिवंत असा आकडा दिला. घाईबाई खुर्चीसकट गर्रकन फिरली.

"ताई, पावडर वाढवली तशा पेशी वाढल्यात. मारायचं राहू द्या, ही तर पोसतेय त्यांना. संध्याकाळी रिपोर्ट गेला की नोकरी पक्की, कंपनीने तसं कळवलंय."

ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तीच पावडर घातलेली दुसरी प्लेट फेकायला घेतली. ही जास्तीची म्हणून ठेवलेली, रसायन न घातलेली. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय त्यांच्या हातून प्लेट टाकली जात नसे. काळ्या गुठळ्यांच्या मधून त्यांना पेशी दिसल्या. तळाला हातपाय पसरून पडायच्या त्या आखडून गोल झाल्या होत्या, बऱ्याचशा सुटून तरंगत होत्या. एकवीस वर्षांत ताईंनी मेलेल्या पेशी काही कमी पाहिल्या नव्हत्या.

त्यांचं पाऊल उचलेना. यंत्र खोटं म्हणायचं तर आपण कोण? शिकलो किती, बोलणार किती? आणि पोरीची नोकरी आपल्याच तोंडाने घालवायची?

तरीही त्यांनी एक कोरी प्लेट घेतली. तिच्यात पेशी घातल्याच नाहीत. नुसतं पाणी, तीच पावडर आणि पिवळं रसायन.

"चार वाजेपर्यंत रिपोर्ट पाठवू नकोस," त्या म्हणाल्या.

"का पण?"

"बाळ, एवढं ऐक माझं."

घाईबाईने तोंड फुगवलं, पण थांबली. चारला ती प्लेट यंत्रात गेली. जिथे पावडर सगळ्यात जास्त होती, तिथे आकडा आला नव्वद टक्के जिवंत.

"यात कुठल्या पेशी आहेत?"

"एकही नाही."

"मग जिवंत कोण आहे, ताई?"

"कोणी नाही. पावडर मुळात काळी. यंत्राला गडद तेवढं दिसतं, ते जांभळं की काळं हे त्याला काय ठाऊक?" मग ताईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि त्या गोल झालेल्या पेशी दाखवल्या.

पोरगी बराच वेळ मान खाली घालून बघत राहिली. मग तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना फोन केला आणि रिपोर्ट जाणार नाही असं सांगितलं. कारणही तिने नीट, एकेक करून सांगितलं. ताईंचा ऊर भरून आला. फोन ठेवून घाईबाईने डोळे पुसले आणि एकदम थांबली.

"ताई, गेल्या वर्षी आपण चार काळ्या पावडरी पास केल्या. तेव्हाही बिनपेशींचे खळगे ठेवले नव्हते."

ताई स्टुलावर बसल्या.

"नव्हते. आणि गेल्या वर्षीही मी प्लेट टाकताना बघितली होती. असेच गोळे होते. वाटलं, यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळतं. टाकून दिली."

घाईबाईने आपलं स्टूल ओढून त्यांच्या स्टुलाला लावलं, त्यांचा हात धरला आणि सरांचा नंबर पुन्हा फिरवला.

"सर, ताईंना तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातात दिला.