बॅकअपला लावलेलं गंध

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत कागदांच्या प्रती साठवणाऱ्या ऑप्टिकल डिस्क आल्या आणि मी स्वतःला मोठा तज्ज्ञ समजू लागलो. त्याच सुमारास दाभोळचा एक म्हातारा खलाशी समुद्रात बुडालेल्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आला. अर्जासोबत मुलाचा एकुलता एक फोटो त्याने सदऱ्याला पुसून माझ्या हातात ठेवला.

"साहेबांनू, परत गावंल ना?"

"बाबा, डिस्कवर चढला की कायमचा राहिला. वर बॅकअप आहेच," मी ऐटीत म्हणालो आणि नंतर चढवलेले कागद फोटोसकट रद्दीत घातले.

दिवाळीनंतर मूळ डिस्क बिघडली. बॅकअप लावला, तर तोही वाचेना. वाचणार कसा? खंडेनवमीला कचेरीतल्या यंत्रांची पूजा करताना, मीच बॅकअपच्या डिस्कचं झाकण सरकवून आतल्या चकचकीत तबकडीला गंध-अक्षता लावल्या होत्या!

वर्षश्राद्धाला फोटो हवा म्हणून म्हातारा आला. मी खरं ते सांगितलं. तो ओरडला नाही. टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिची घडी पुन्हापुन्हा सारखी करत बसला.

"त्येचा चेहरा आता पुसट होत चाललाय," तो म्हणाला. "फोटो शेवटचा तुमी बगितलात. कसा दिसत होता त्यात?"

शेकडो फोटो चढवलेल्या मला काही केल्या आठवेना.

"हसत होता, बाबा," मी ठोकून दिलं.

"नाय, साहेबांनू," तो हळूच म्हणाला. "हसत नव्हता. तेवढं मला आठवतंय."