नियमावली आणि माझं कॅलेंडर

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करतोय असं कुणाला वाटायला नको.

आम्ही तिला ‘नियमावली’ म्हणायचो, अर्थात पाठीमागे. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा केसांवर चढवलेला, टेबलावर कागदाचा कपटा नाही. पूर्वी ती छापखान्यात अक्षरजुळणी करायची. तिथून वेबसाइटींच्या कामात आली ती छापखान्यातली शिस्त घेऊनच. आमच्या सगळ्या वेबसाइटींना लागणारी बटणं, फॉर्म, मथळे तिने एका जागी जमवले होते. त्याला आम्ही पॅटर्न लायब्ररी म्हणायचो. एका नमुन्याची एक मुख्य फाइल. रोज सकाळी जनरेटर नावाचा प्रोग्राम त्या फाइली वाचायचा आणि नमुन्यांची पानं तयार करून ठेवायचा. काय वाचायचं, कुठल्या क्रमाने मांडायचं, काय वगळायचं, ते एका कॉन्फिग फाइलीत तिने लिहून ठेवलं होतं. सात वर्षं त्या फाइलीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. घरी अधू नजरेची थोरली बहीण आणि ऑफिसात ही लायब्ररी, एवढाच तिचा संसार.

मी तीन महिने खपून तारीख निवडायचं कॅलेंडर केलं. तिने ते तीनदा परत पाठवलं.

“कीबोर्डवरून चालवलं की कुठल्या तारखेवर आहोत तेच दिसत नाही,” ती म्हणाली.

“कीबोर्डवरून कोण चालवतं, मॅडम?”

“माझी ताई चालवते. जा, नीट करून आण.”

हे सगळ्यांदेखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौथ्यांदा तिने ते पास केलं, तेसुद्धा नुसतं “हं, ठीक” म्हणून. त्याच संध्याकाळी मी माझ्या फाइली जरा नीटनेटक्या करून लायब्ररीत टाकल्या आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी क्लायंटची माणसं आली. मोठ्या पडद्यावर लायब्ररी उघडली. बटणं होती, फॉर्म होते, मथळे होते. माझ्या कॅलेंडरचा पत्ता नव्हता. साहेबांनी यादी वरून खाली, खालून वर फिरवली. क्लायंट सोडून खोलीत ऑफिसातली बारा माणसं, आणि मी त्यांच्यासमोर उघडा पडलो.

क्लायंट लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच मी तोंड सोडलं. “ह्यांनी मुद्दाम काढलंय. तीन महिने माझ्यावर डूख धरून बसल्यात. लायब्ररी म्हणजे ह्यांच्या घरची जहागीर आहे.” आणखीही बरंच बोललो. वय काढलं, छापखाना काढला. कुणी मला अडवलं नाही. अडवतील कशाला, प्रत्येकाचं काही ना काही तिने कधीतरी परत पाठवलं होतंच.

ती शांतपणे म्हणाली, “फाइलीचं नाव कुणी बदललं, तेवढं बघा.”

“ते आता राहू द्या,” साहेब म्हणाले.

आठवड्याभरात तिला खालच्या मजल्यावर पाठवलं, जुन्या वेबसाइटींच्या तक्रारी निस्तरायला. लायब्ररी माझ्याकडे आली. मला उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू.

मग कॉन्फिग फाइल जन्मात पहिल्यांदा उघडली. बाराव्या ओळीवर तिची सूचना होती: ‘नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर (तळाची आडवी रेघ) असेल, तर नमुना अर्धवट आहे असं समजून वगळावा.’ रंगरूपाच्या, म्हणजे स्टाइलच्या फाइलींना पुढे अंडरस्कोर लावायची आम्हा लोकांना सवय असते. तिकडे तो लावायचाच असतो. नीटनेटकेपणाच्या नादात मी तो कॅलेंडरच्या मुख्य फाइलीलाही लावून ठेवला होता. जनरेटरने काही कुरकुर केली नाही, सांगितल्याप्रमाणे ती फाइल मुकाट्याने वगळली. बदलांच्या नोंदीत तारीख होती, वेळ होती आणि माझं नाव होतं.

मी अंडरस्कोर काढला. नोंदीत लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’.

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी खाली गेलो. जिन्याखालची खोली, एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. तिने मान वर केली नाही.

“मॅडम, ते कॅलेंडर... माझीच चूक होती.”

“माहीत आहे. त्याच दिवशी नोंद बघितली मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले की. कुणी ऐकलं?”

“माफ करा,” मी म्हणालो.

आता तिने चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. “इथे माझ्या कानात सांगून मोकळा होऊ नकोस. बारा जणांसमोर बोललास ना, त्यांच्यासमोरच सांग. मग मला वर बोलावतील. नाहीतर परत ह्या दारात येऊ नकोस.”

उद्धट बाई. माफी मागायला आलेल्या माणसाशी कुणी असं बोलतं? जिना चढताना रागाने माझे कान तापले होते. तरी ठरवलं, सोमवारी सांगायचं.

सोमवारच्या बैठकीला तेच बारा जण होते. साहेबांनी लायब्ररी उघडली, कॅलेंडर दिसलं, कीबोर्डवरून तारखा पुढे-मागे करून पाहिल्या. “वा, मस्त चालतंय,” ते म्हणाले. “मग त्या दिवशी नेमकं झालं काय होतं?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“सेटिंगमध्ये गडबड होती,” मी म्हणालो. “जुनीच. आता काढली.”

साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.