नकारानंतरचं बियाणं

परभणीच्या एका सहकारी बँकेत मी कर्ज विभागात होते. कंपनी बघून यायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. पेडगावच्या पुढे एक सोयाबीन बियाण्याची कंपनी होती. तिला नवीन गोदामासाठी कर्ज हवं होतं. कागद इतके नीट लावलेले होते की आमचे मॅनेजर म्हणाले, "एकदा जाऊन या, म्हणजे झालं."

मालक हसतमुख माणूस. त्यानं स्वतः फिरून सगळं दाखवलं. मागच्या शेडमध्ये मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून आलेली साध्या सोयाबीनची पोती उतरत होती. बाया ते सोयाबीन बियाण्याला लावतात त्या गुलाबी विषारी पावडरीत घोळत होत्या आणि बियाण्याच्या छापील पिशव्यांत भरत होत्या. एकीचेही हात झाकलेले नव्हते. कोपरापर्यंत गुलाबी झालेल्या त्या हातांनीच एकजण भाकर सोडत होती.

मी विचारलं, "हे उगवलं नाही तर?"

"मॅडम, लय टेन्शन घ्यायलाव तुमी," तो चहा पुढे करत म्हणाला. "न्हाई उगवलं तर लोक पावसाला शिव्या देतेत. कंपनीला कोण इचारतंय?"

हे तो इतक्या सहज बोलला की माझ्या हातातला कप तसाच राहिला. निघताना मी मूठभर दाणे रुमालात बांधून घेतले.

घरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. रोज पाणी शिंपडायचे, पण उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. सहाव्या दिवशी गोणपाट सोडलं. एकोणतीस दाण्यांना मोड होते. उरलेल्यांवर करडी बुरशी चढली होती आणि घरभर कुबट वास सुटला.

हे सांगितल्यावर मॅनेजर म्हणाले, "आपण कर्ज बघतो, बी नाही. हप्ते तो फेडेलच."

"फेडेल साहेब. पण कशातून?"

त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते." मालकाच्या सचोटीची खात्री वाटत नाही, असं मी लिहिलं. समितीनं अर्ज नाकारला.

दोन दिवसांनी मालकाचा फोन आला. आवाज तसाच गोड. "मॅडम, ताडकळसहून रोज स्कुटीवर येताव ना? रस्ता लय खराब हाय. जपून येत जा." त्या दिवसापासून मागे मोटारसायकलचा आवाज आला की मी स्कुटी कडेला घेऊन थांबायची. गाडी पुढे निघून गेली की मगच निघायची.

गोदाम थांबलं नाही. त्याला दुसरीकडून पैसे मिळाले. बांधकाम वर चढताना मी त्या बाजूच्या कामाला जाता-येता बघत होते. आपलं काम झालं, अशी मनाची समजूत घालत होते. ग्राहकाची माहिती बाहेर बोलायची नाही, हा बँकेचा नियम. त्या नियमाआड मी निवांत बसले होते.

पेरणीनंतर पंधरा दिवसांनी झरीहून नणंदेचा फोन आला. "वैनी, रान सगळं उघडं पडलंय. बी मातीतच कुजलं." मी पिशवीचं नाव विचारलं. तीच कंपनी. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथलं कशाला घेतलं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तुमाला ठाव होतं?"



दुसऱ्याच दिवशी मी कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमचं नाव टाकायचंय का? विचार करा." मी नाव टाकलं. नणंदेच्या शेताचा पंचनामा झाला. झरीतली आणखी अकरा रानं तशीच निघाली. कंपनीचा परवाना स्थगित झाला. नणंदेनं उशिरा दुबार पेरणी केली, पण पीक निम्म्यावरच आलं. ती आजही घरी येते, चहा घेते, पण पहिल्यासारखी बसत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एक नवी फाईल आली. बियाण्याचीच कंपनी, नाव वेगळं, मालक एक बाई. कागद नीट लावलेले. पत्ता पाहिला तर पेडगावच्या पुढचं तेच गोदाम. बाईंच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं, ते मी दोनदा वाचलं; तोच हसतमुख मालक. फाईल मिटली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये जायच्या आधी नणंदेला फोन लावून कंपनीचं नवं नाव सांगितलं.