सामंत सर आपणहून उठले तेव्हा

शुक्रवार, ११ मार्च २०१६. स्थळ : इथे आखातात, बौशरमधला आमच्या मराठी मंडळाचा भाड्याचा हॉल. हजर : अध्यक्ष दळवी, बरका गावाहून दुकान बंद करून आलेले हनीफभाई, कार्यकारिणी, काही जुनी कुटुंबं आणि चिटणीस म्हणून मी. निमित्त : सामंत सरांची शोकसभा.

सर इथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. मंडळाची पहिली बैठक त्यांच्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या फ्लॅटवर झाली आणि सगळ्यांनी त्यांनाच अध्यक्ष केलं. हनीफभाई मूळचे रत्नागिरीचे, हौशी. त्यांनी विचारलं, "सर, आता तुम्हाला म्हणायचं काय? अध्यक्ष महाराज?" सर म्हणाले, "महाराज म्हणालात तर हत्ती पाळावा लागेल हो. तो काय बाल्कनीत बांधू?" मग त्यांनी आम्हाला अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची गोष्ट सांगितली. पुढे ती इतक्यांदा ऐकली की आमची मुलंसुद्धा अडखळत्या मराठीत ती सांगायची. क्रांतीचं युद्ध जिंकलेला सेनापती, सैन्य त्याच्या शब्दावर चालणारं... त्यानं सेनापतिपद परत केलं आणि शेतावर निघून गेला. लोकांनी पुन्हा बोलावून सर्वोच्च पदावर बसवलं, तेव्हा कुणी त्याला राजासारखी बिरुदं सुचवली. त्यानं साधं संबोधन चालवून घेतलं. आणि दोन मुदती झाल्यावर, कुणी जा म्हटलेलं नसताना, घरी गेला. "ते पद त्यानं बसून नाही घडवलं," सर म्हणायचे, "उठून घडवलं."

सरांनीही तेच केलं. दोन मुदती संपल्या त्या सभेत नव्या अध्यक्षांची खुर्ची त्यांनी स्वतः पुसली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. पुढच्या गणपतीत ते पंगतीत पाणी वाढत होते. त्यांच्यानंतरचे दोन्ही अध्यक्ष तसेच वेळेवर उठले, खुर्ची पुसून. आमच्याकडे तो रिवाजच पडला. मला मात्र सगळं कागदावर लागतं. म्हटलं, "सर, दोन मुदतींचं नियमावलीत घालू या."

"नको गो. लिहिलं की लोक पळवाट शोधतात. न लिहिता पाळलं की मोडणाऱ्याला लाज वाटते. त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा रिवाज जवळजवळ दीडशे वर्षं टिकला."

"आणि मग?"

"मग एकानं मोडला. तेव्हा कुठे लिहावं लागलं."

आमच्याकडे दीडशे वर्षं लागली नाहीत. दळवींच्या दोन मुदती संपल्या तेव्हा हॉलचा करार अर्धवट होता. "मी सोडलं तर बघणार कोण?" ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर बघायला दुसरं कुणी तयारही नव्हतं. दळवी वाईट माणूस नाही. अडीअडचणीला रात्री-बेरात्री धावणारा आहे. सर त्यांच्याकडे जाऊन दोन तास बोलून आले. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "चहा चांगला दिला."

जानेवारीत मी सरांना हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले. आवाज अगदी खोल गेला होता. "लिहायला हवं होतं का गो?" त्यांनी विचारलं. "अजून लिहिता येईल, सर," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "खलास, वैशाली. लाजच गेली, तर कागद काय करणार..."

शोकसभेत दळवी बोलताना खरंच रडले. "सरांनी आपल्याला पद सोडायला शिकवलं," ते म्हणाले. त्यांची ही तिसरी मुदतही त्याच महिन्यात संपत होती. भाषण झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, अशा दुःखाच्या वेळी मंडळ पोरकं नको, दळवीसाहेबांनीच पुढे चालवावं, सरांनाही तेच आवडलं असतं. हात वर झाले. दळवींनी डोळे पुसले आणि मान्यता दिली. सर्वांत शेवटी हनीफभाईंचा हात वर गेला. बाहेर चपला घालताना मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "आता भांडायचं कुणाच्या जिवावर, ताई?" ते म्हणाले. "भांडणारा गेला ना."

दळवींचा दर आठवड्याला फोन येतो. "वैशालीताई, इतिवृत्त झालं का? सही करून टाकतो." हजेरी लिहून झाली आहे. श्रद्धांजलीची भाषणं लिहून झाली आहेत. दोन मिनिटांचं मौनही लिहिलं आहे. त्याखालचा ठराव लिहायचा राहिला आहे.