मांडीखालचे हात

विमान चालवायला शिकवणाऱ्या या मास्तरांना अख्खा क्लब 'मांडीवाले मास्तर' म्हणायचा. शिकणारा डाव्या खुर्चीत, मास्तर उजव्या, आणि मास्तरांचे दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली. विमान जरा भरकटलं तरी ते बाहेर येत नसत. चुकलेल्याला आपलं आपण सावरू द्यायचं, हे त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं. एका इंजिनाच्या विमानांवर तीस वर्षं ते झकास निभावलं.

मग क्लबाने ती म्हातारी विमानं काढून टाकली आणि दोन इंजिनांची आणली. मास्तर ती चालवू शकत होते, पण शिकवू शकत नव्हते. त्यासाठी शिक्षकाच्या परवान्यावर नवी नोंद हवी. साठीला टेकलेला माणूस पुन्हा अभ्यासाला बसला. पंधरा तासांचा उड्डाणाचा सराव झाला, लेखी पेपर झाला, स्वयंपाकघरात बायकोसमोर पाठ घेऊन झाले. ती बिचारी भाजी निवडता निवडता इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते शिकली. आणि एवढं करून मास्तरांनी आकाशातल्या परीक्षेत माती खाल्ली. विद्यार्थी बनलेला परीक्षक मुद्दाम चुकला, तरी सवयीने हात मांडीखालीच राहिले; दोन इंजिनांच्या विमानात अशी चूक सावरायची वाट बघायला वेळच नसतो. आता पुन्हा नापास म्हणजे शिकवणं संपलं, ऑफिसात बसून वेळापत्रकं लिहायची.

दुसऱ्या खेपेला परीक्षक म्हणून आली ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मास्तरांना तिचं पहिलं उतरणं आठवलं: घामाघूम चेहरा, धावपट्टीवर तीनदा उसळलेलं विमान, नंतरचं हसू. काय दिवस होते ते! तिने मात्र ओळख दाखवली नाही. बऱ्याच उंचीवर गेल्यावर तिने उजव्या इंजिनाचा जोर काढून घेतला आणि डाव्या पायाखालचं पेडल दाबायचं सोडून नवशिक्यासारखं नेमकं उजवंच दाबलं. विमान उजवीकडे ओढलं गेलं.

"सोड, मी घेतो." मास्तरांचे हात केव्हाच बाहेर आले होते. डावा पाय रोवून त्यांनी विमान सरळ केलं आणि मग शांतपणे समजावलं, की विमान सरळ ठेवताना जो पाय रिकामा राहतो त्या बाजूचं इंजिन गेलेलं असतं.

तिने विमान परत वळवलं. परतताना दोन्ही इंजिनं पुन्हा नीट चालू होती, समोर धावपट्टी दिसत होती, आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

"पास आहात, मास्तर," ती म्हणाली. "आता हात मांडीखाली घ्या. मला उतरवायचंय."

मास्तरांनी मुकाट्याने घेतले. विमान एकदाच टेकलं, अलगद. ते थांबेपर्यंत मास्तरांना डोळे पुसायला हात काढता आले नाहीत.