मेजरकाकांचा फोन

इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये आज सकाळी ऑफिसचा शर्ट इस्त्रीखाली करपला आणि त्या वासासरशी मला आईचा तेव्हाचा चेहरा आठवला.

मी तिसरीत होते. बाबा काँगोच्या सीमेवरच्या एका शहरात भारतीय लष्कराकडून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते. तिथे लढाई पेटली होती आणि बरेच दिवस त्यांचा फोन नव्हता. आई माझा युनिफॉर्म इस्त्री करत असताना फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"भाभीजी, मैं पाकिस्तान आर्मी से बोल रहा हूँ."

कापडातून धूर निघू लागला तरी आई हलली नाही. मग बाबांचा थकलेला आवाज आला. तिने हळूच विचारलं, "तुम्ही यांच्या ताब्यात आहात का?"

"अगं, ताब्यात कसला? पायाला गोळी लागली. या मेजरसाहेबांनीच हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. इथे आम्ही एकाच बाजूला आहोत."

आईचा तो प्रश्न पुढे घरात विनोद झाला. मेजरकाका दर दिवाळीला मेसेज करू लागले.

सध्या भारत-पाकिस्तान सीमेवर तणाव आहे आणि बाबांसारखाच लष्करात असलेल्या माझ्या दादाचं युनिट पुढे गेलंय. मी पुण्याला फोन करून बाबांना मेजरकाकांबद्दल विचारलं.

"त्यांचा मुलगाही सीमेवर आहे," बाबा म्हणाले. "आता काही दिवस आम्ही एकमेकांना मेसेज करायचा नाही, असं ठरवलंय."