पाटीचं मराठी

माझे बाबा तरुणपणी गावच्या देशमुखांची मोटार धुवायचे. ओढ्याचं पाणी डब्याने आणून, रोज सकाळी, फक्त बाहेरून. आतली गादी पुसायला देशमुखांचा दुसरा गडी यायचा, कारण आमच्या माणसाने दाराच्या आत हात घालायचा नाही असा दंडक होता. हे सांगताना बाबांच्या आवाजात तक्रार नसायची, उत्सुकता असायची. काचेतून दिसणारी ती तांबड्या चामड्याची गादी हाताला कशी लागत असेल, हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. माझ्या गाडीत ते पुढच्या सीटवर ऐसपैस बसतात, पण तिला गादी म्हणत नाहीत.

आदिलाबादजवळ एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये कापसाच्या एका व्यापाऱ्याने जुन्या मोटारी जमवल्या आहेत, असं मला शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. बाबांना बोललो तर ते लगेच निघायला तयार. मी मात्र वर्षभर 'सुट्टीत जाऊ' करत बसलो. कधी परीक्षा, कधी मतदारयादीचं काम. आम्हा मास्तरांना सबबी तोंडपाठ असतात. शेवटी दसऱ्याच्या सुट्टीत एकदाचे गेलो.

शेडमध्ये पन्नासेक मोटारी ओळीने उभ्या होत्या. भिंतीभर नंबरप्लेटा, पितळी भोंगे, तेलाचे रंगीत डबे, कोपऱ्यात हाताने फिरवायचा पेट्रोलपंप. मालक हिंदीत माहिती देत पुढे चालले होते आणि मी मास्तरी सवयीने प्रश्न विचारून आपली अक्कल पाजळत होतो. बाबा मागे राहिलेत हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

वळून पाहिलं तर ते एका काळ्या मोटारीपाशी उभे होते. काच खाली केलेली, आत तांबडी गादी. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला होता, गादीला टेकायचाच बाकी होता. शेजारी तेलुगूत पाटी होती. बाबांना तेलुगू वाचता येत नाही; मला सीमेवरच्या शाळेत शिकवताना येऊ लागलं. मालक काय म्हणतील या धास्तीने मी त्या पाटीचं मराठी केलं आणि मोकळा झालो.

"बाबा, शिवू नोका."

हात लावू नका, असं म्हणता आलं असतं. वर्गात मी रोज तेच म्हणतो. शिवणं हा शब्द आमच्या घरात बाबांनीच बंद केला होता. तापल्या तव्याजवळ पोर गेलं तरी 'पोळेल' म्हणायचं, 'शिवू नको' म्हणायचं नाही. आणि नेमका तोच शब्द मी परक्या माणसासमोर त्यांच्यावर टाकला. हात झटक्यात बाहेर आला. एरवी चहाचा कप उचलायलाही त्यांना वेळ लागतो. ही चपळाई त्यांनी कुठे कमावली होती ते मला ठाऊक होतं, आणि मला माझी लाज वाटली.

मालक लगबगीने आले. पाटी लहान मुलांसाठी आहे म्हणाले, स्वतः दार उघडलं आणि बाबांना आत बसायचा आग्रह केला. मीही विनवलं. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि हसून मान हलवली. उरलेल्या सगळ्या मोटारी त्यांनी तशाच पाहिल्या.

परतताना मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, पण मागितली. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ, मालकांशी बोलून ठेवतो, असंही म्हणालो. बाबा बाहेरची कपाशी बघत होते.

"माफी काऊन?" ते म्हणाले. "तुह्यी चूक नाही. तुले वाचता येते म्हणून तू बोलला. मले वाचता आलं असतं, त मीच हात घातला नसता."

वाचता यावं म्हणून मला शाळेत नेऊन बसवणारे तेच होते.